बीटामॅक्स विरुद्ध व्हीएचएस : श्रेष्ठ यंत्र खरोखरच हरले काय?

१/ ‘सोनीचा बीटामॅक्स श्रेष्ठ होता, तरीही जगाने निकृष्ट व्हीएचएस निवडला.’ तंत्रज्ञानाच्या इतिहासातील ही दंतकथा आजही वारंवार सांगितली जाते. तिच्यातील ‘श्रेष्ठ’ हा शब्द कोणत्या कसोटीवर उभा आहे, याचा हा शोध. #थ्रेड

२/ मे १९७५ मध्ये सोनीने जपानमध्ये बीटामॅक्स विक्रीस आणला. अर्धा इंच रुंदीची फीत, आटोपशीर कॅसेट आणि स्वच्छ चित्र ही त्याची बलस्थाने. मर्यादा मात्र ठळक होती : एका कॅसेटवर जेमतेम एक तासाचे मुद्रण.

३/ तत्पूर्वीच, १९७१ मध्ये, जेव्हीसी कंपनीतील शिझुओ ताकानो आणि युमा शिराइशी या अभियंत्यांनी घरगुती यंत्रासाठी बारा उद्दिष्टांचा एक तक्ता आखला होता. पुढच्याच वर्षी कंपनीने खर्चकपात करून प्रकल्प बाजूला सारला. दोघांनी तो वरिष्ठांच्या नकळत चालू ठेवला.

४/ त्या तक्त्यातील अपेक्षा गृहस्थाच्या होत्या. यंत्र साध्या दूरचित्रवाणी संचाला जोडता यावे. दोन तास मुद्रण व्हावे. एका यंत्रावर मुद्रित केलेली कॅसेट दुसऱ्यावर चालावी. किंमत आवाक्यात असावी, वापर सोपा असावा आणि दुरुस्तीही सुलभ असावी.

५/ ९ सप्टेंबर १९७६ रोजी टोकियोत ‘एचआर-३३००’ हा पहिला व्हीएचएस रेकॉर्डर जाहीर झाला. बीटाची फीत सेकंदाला ४० मिलिमीटर सरकत असे, व्हीएचएसची सुमारे ३३. कॅसेट किंचित मोठी असल्याने तीत फीतही अधिक मावे. या दोहोंमुळे दोन तासांचे उद्दिष्ट साधले. एक संपूर्ण चित्रपट एका कॅसेटवर बसू लागला.

६/ आता चित्राची कसोटी. ज्या फिरत्या ड्रमवर मुद्रणशीर्षे बसवलेली असत, त्याचा व्यास बीटामध्ये ७४.५ मिलिमीटर, तर व्हीएचएसमध्ये ६२ मिलिमीटर. मोठ्या ड्रममुळे शीर्षे फितीवरून अधिक वेगाने धावत आणि चित्रातील बारकावे अधिक टिपले जात. फरक खरा होता, पण किती? आडवी सुस्पष्टता सुमारे २५० रेषा विरुद्ध २४०. घरातल्या संचावर तो सहज जाणवण्याजोगा नव्हता.

७/ सोनीने १९७७ मध्ये फितीचा वेग निम्म्यावर आणून दोन तास गाठले, पण त्यात चित्राची आघाडीही घटली. त्याच वर्षी अमेरिकेत आरसीएने चार तास मुद्रण करणारा व्हीएचएस रेकॉर्डर आणला. तीन तासांहून अधिक लांबणारा अमेरिकन फुटबॉलचा सामना त्यात अखंड मावत असे.

८/ कंपन्यांचे दोन तट पडले. सोनीकडे तोशिबा आणि सान्यो. जेव्हीसीकडे मात्सुशिता, हिताची, शार्प आणि मित्सुबिशी. व्हीएचएसची यंत्रे जसजशी घरोघरी पोहोचली, तसतसे कॅसेट भाड्याने देणारे दुकानदारही तेच स्वरूप अधिक ठेवू लागले. मग नव्या ग्राहकालाही तेच सोयीचे ठरले.

९/ ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातही व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीपुरते भाड्याने आणून तीन-चार चित्रपट ओळीने पाहिले जात. लायब्ररीतून आणलेली कॅसेट त्या यंत्रात चालणे, ही अशा प्रेक्षकांची पहिली गरज होती. दहा रेषांचा हिशेब तिथे कोण मांडणार?

१०/ सोनीचे श्रेय मात्र नाकारता येत नाही. घरी कार्यक्रम मुद्रित करून नंतर पाहणे कायदेशीर ठरले ते बीटामॅक्सवरील खटल्यातच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी हा निर्णय दिला. तरीही १९८८ मध्ये सोनीने स्वतःच व्हीएचएस यंत्रे विकण्यास प्रारंभ केला.

११/ आणि एक बोलका पुरावा. सोनीने १९८२ मध्ये व्यावसायिक वापरासाठी ‘बीटाकॅम’ आणला. कॅसेटचा आकार बीटामॅक्सचाच, पण फीत कितीतरी वेगाने धावणारी आणि चित्र फारच सरस. मुद्रणाचा अवधी तोकडा असूनही वृत्तवाहिन्यांनी तो वर्षानुवर्षे वापरला, कारण वार्ताहराला चार तास नको होते. त्याला उत्तम चित्र हवे होते.

१२/ म्हणजे चित्रालाच प्राधान्य देणाऱ्यांनी सोनीची कॅसेट निवडली आणि अवधी, किंमत व देवघेव पाहणाऱ्या घरांनी व्हीएचएस. दोघांचीही निवड आपापल्या गरजेला धरून होती. ‘जग चुकले’ असे म्हणणारी दंतकथा केवळ चित्राचीच कसोटी लावते; ताकानो आणि शिराइशी यांच्या तक्त्यात बारा होत्या.