भोजच्या मातीतली बिनशब्दांची रेघ

सदलगेकर मंडळी, आपल्या शेजारच्या भोज गावात २९ जुलै १९२५ला शि. द. फडणीसांचा जन्म झाला, हे घरातल्या पोरांना जरूर सांगा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते कला शिकले. अनंत अंतरकरांच्या 'मोहिनी'च्या १९५२च्या दिवाळी अंकावरचं त्यांचं चित्र आठवतंय का? तिच्या साडीवर मांजरं, त्याच्या शर्टावर उंदीर! खाली एक ओळ नाही, तरी बघणारा हसलाच पाहिजे.

१९५६ला आपली गावं म्हैसूर राज्यात गेली आणि भाषेचा वाद घरोघरी आला. पुढं २००१ साली बेंगळुरूच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्टूनिस्ट्सनं या मराठी माणसाला जीवनगौरव दिला. शब्दच नसलेलं चित्र कन्नड शेजाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.