परिवेश, हायड्रोजन व कार्बन यांचे

सेंद्रिय रेणूतील एखाद्या हायड्रोजन किंवा कार्बन अणूभोवती बंधांची आणि इलेक्ट्रॉनांची जी मांडणी असते, ती त्या अणूचा परिवेश. भोवतालचे इलेक्ट्रॉन बाहेरून लावलेले चुंबकीय क्षेत्र थोडेसे अडवतात. परिवेश बदलला की ही अडवणूक बदलते आणि एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) वर्णपटात त्या अणूचा सिग्नल वेगळ्या जागी पडतो. ही जागा, म्हणजे केमिकल शिफ्ट, टेट्रामिथिलसिलेनच्या सिग्नलपासून मोजून पीपीएममध्ये देतात.

इथेनॉलच्या सहा हायड्रोजनांचे तीन वेगळे सिग्नल १९५१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रथम दाखवले गेले. त्यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण ३:२:१ होते: मिथिलचे तीन हायड्रोजन, मिथिलिनचे दोन आणि ऑक्सिजनवरचा एक. त्या शोधनिबंधाचे लेखक आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड. यांतील एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी एनएमआरचा संशोधनगट उभा केला. सेंद्रिय रसायनाच्या वर्गात रोज वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीच्या मुळाशी असलेले त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवे.

परिवेश किती हे यंत्राजवळ न जाताही सांगता येते. धुळ्याच्या देवपूर भागातील महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्यांसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. द्रवरूप हीलियमने थंड ठेवावा लागणारा अतिवाहक चुंबक प्रत्येक प्रयोगशाळेला परवडत नाही. रेणूची सममिती मात्र कागद-पेन्सिलीवर तपासता येते. कसोटी अशी: एक हायड्रोजन काढून त्या जागी ड्यूटेरियम आहे असे धरावे, मग दुसऱ्या हायड्रोजनबाबत तसेच करावे. दोन्ही वेळा तोच रेणू मिळाला, तर परिवेश एक. दोन रेणू एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे निघाली, तरी नेहमीच्या द्रावकात सिग्नल एकच. ते डायास्टेरिओमर निघाले, तर परिवेश दोन.

खानदेशातला हाताशी असलेला रेणू घेऊ. रावेर-यावलच्या पिकलेल्या केळीच्या वासात आयसोअमिल ॲसिटेटचा मोठा वाटा असतो. त्यात सात कार्बन आणि चौदा हायड्रोजन आहेत. ॲसिटिल गटातील मिथिलचे तीन हायड्रोजन सुमारे २.० पीपीएमला, ऑक्सिजनला जोडलेल्या मिथिलिनचे दोन ४.१ ला, त्यापुढच्या मिथिलिनचे दोन १.५ ला, शाखेच्या सांध्यावरचा एकटा १.७ च्या आसपास आणि टोकाच्या दोन मिथिलांचे सहा मिळून ०.९ ला दिसतात. म्हणजे परिवेश पाच, प्रमाण ३:२:२:१:६. कार्बनचे परिवेश मात्र सहा होतात, कारण कार्बोनिलच्या कार्बनवर हायड्रोजन नाही. तो प्रोटॉन वर्णपटात येत नाही, पण कार्बन वर्णपटात १७१ पीपीएमला ठळक वेगळा उभा राहतो.

चुका होतात त्या कागदावरच्या चित्रावर विसंबल्याने. वरच्या रेणूत टोकाची दोन मिथिल समतुल्य आहेत. मेंथॉलमध्येही एका कार्बनवर अशीच दोन मिथिल आहेत आणि चित्रात ती तितकीच सारखी दिसतात. पण शेजारच्या कार्बनांना डावे-उजवेपण असल्याने ती डायास्टेरिओटोपिक ठरतात. म्हणून मेंथॉलच्या दहा कार्बनांचे दहाही सिग्नल वेगळे. डायमिथिलफॉर्मामाइड या रोजच्या द्रावकात नायट्रोजनवरची दोन मिथिल कागदावर एकसारखी असली, तरी खोलीच्या तापमानाला त्यांचे दोन सिग्नल मिळतात, कारण कार्बोनिल आणि नायट्रोजन यांच्यामधील बंधाला अंशतः दुहेरी बंधाचे रूप असते आणि त्याभोवतीचे फिरणे मंदावते. तापमान पुरेसे वाढवले की दोन्ही सिग्नल एकत्र येतात. परिवेश मोजताना तापमानही विचारात घ्यावे लागते, हा मुद्दा शिकवताना अनेकदा सुटतो.

कार्बनच्या बाबतीत अडचण वेगळी. निसर्गातील कार्बनपैकी एनएमआरला दिसणारा कार्बन-१३ जेमतेम १.१ टक्का असल्याने सिग्नल क्षीण असतो. शिवाय नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या कार्बन वर्णपटात सिग्नलच्या उंचीवरून कार्बन मोजणे चूक. हायड्रोजन नसलेल्या कार्बनांचे सिग्नल अनेकदा ठेंगणे येतात. सिग्नलची संख्या तेवढी विश्वासाची, आणि तीच पुष्कळदा निकाल लावते. तीन झायलीनांचे रेणुसूत्र एकच असते. पण कार्बनचे सिग्नल ऑर्थोला चार, मेटाला पाच, पॅराला तीन. डब्यावरची चिठ्ठी गेली असेल तर एवढ्यावर रसायन ओळखता येते. कोणत्या कार्बनवर किती हायड्रोजन आहेत, हे पुढे डेप्ट नावाच्या प्रयोगाने उलगडते. ड्यूटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म हा द्रावक वापरला असेल, तर ७७ पीपीएमजवळचे तीन सिग्नल द्रावकाचे असतात; ते रेणूच्या हिशोबात धरू नयेत.

अपेक्षेपेक्षा कमी सिग्नल आले की सममिती शोधावी. सरकीतील गॉसिपॉल हे त्याचे चांगले उदाहरण: रेणूत ३० कार्बन, पण दोन सारखे अर्धे एका बंधाने जोडलेले, त्यामुळे सिग्नल जास्तीत जास्त १५. जोडणाऱ्या बंधाभोवती दोन्ही अर्धे मोकळेपणाने फिरू शकत नसल्याने रेणूला डावे-उजवे रूप येते. म्हणून प्रत्येक अर्ध्यातील आयसोप्रोपिल गटाची दोन मिथिलसुद्धा, मेंथॉलप्रमाणेच, तत्त्वतः दोन वेगळ्या परिवेशांत आहेत आणि पंधराच्या गणतीत ती स्वतंत्र धरावी लागतात.