जम्मूचे प्राध्यापक दाराशा वाडिया

१८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची वरिष्ठ पदे विसाव्या शतकाच्या आरंभीही बहुतांशी युरोपीय अधिकाऱ्यांकडेच होती, त्यामुळे भारतीय अभ्यासकाला खडकांच्या संशोधनात शिरण्याची वाट अरुंद होती. सुरतेत १८८३ साली जन्मलेल्या आणि गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील महाविद्यालयात शिकलेल्या दाराशा नोशेरवान वाडिया यांना ती वाट अध्यापनातून सापडली. १९०७ मध्ये ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात रुजू झाले आणि तेथे त्यांनी चौदा वर्षे भूविज्ञान शिकवले.

जम्मूजवळच शिवालिक टेकड्या आहेत. हिमालयातून वाहून आलेला गाळ थरांनी साचून, पुढे भूकवचाच्या हालचालींनी उचलला जाऊन त्या बनल्या असून, प्राचीन सस्तन प्राण्यांचे जीवाश्म, म्हणजे खडकांत टिकून राहिलेले अवशेष, त्यांत विपुल आढळतात. सुट्ट्यांमध्ये या डोंगरांत हिंडून वाडिया यांनी खडक, खनिजे व जीवाश्म जमवले. हत्तीच्या नामशेष झालेल्या ‘स्टेगोडॉन’ या नातलगाचे अवशेषही त्यांना येथेच मिळाले. विद्यार्थ्यांना आपल्याच भूमीची रचना समजावी म्हणून त्यांनी लिहिलेला भारताच्या भूविज्ञानावरील इंग्रजी ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील कित्येक दशके तो प्रमाण पाठ्यपुस्तक मानला गेला.

१९२१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, परदेशी पदवी नसतानाही त्यांची सर्वेक्षण संस्थेत नेमणूक झाली. वायव्येकडे जाणाऱ्या हिमालयाच्या रांगा नंगा पर्वताजवळ एकाएकी नैर्ऋत्येकडे वळतात; या वाकणाला ‘सिंटॅक्सिस’ म्हणतात. वाकणाच्या दोन्ही अंगांना खडकांचा तोच क्रम अखंड चालू असल्याचे दाखवून, येथे दोन वेगळ्या पर्वतश्रेणी भेटत नसून, भारतीय द्वीपकल्पाच्या कठीण, प्राचीन भूखंडाचा पुढे आलेला सुळका आड आल्यामुळे वळ्या पडणारे थर त्याच्याभोवती वाकले, असे प्रतिपादन त्यांनी १९३१ मध्ये केले.

१९५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणारे ते पहिले भारतीय भूवैज्ञानिक ठरले आणि १९६९ मध्ये त्यांच्या निधनानंतर डेहराडूनच्या हिमालय भूविज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तथापि या साऱ्या कर्तृत्वाचा पाया जम्मूतच घातला गेला, कारण जो डोंगर त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वाचायला घेतला, त्याचेच वाचन त्यांनी पुढे आयुष्यभर चालू ठेवले.