व्याख्यान आणि दप्तर

पुणें प्रांतीं लोकांसाठीं व्याख्यानें देण्याची चाल जुनी आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि इतिहास, राजकारण, उद्योगधंदे, समाजस्थिति हे विषय विद्वानांच्या बैठकींतून निघून सामान्य श्रोत्यापर्यंत आले. त्याच सुमारास, १८७७ सालीं, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानांत संस्कृत, प्राकृत व देशी भाषा यांचा अन्वय उलगडून दाखविला. परंतु तीं व्याख्यानें इंग्रजींत झालीं, व ग्रंथरूपानें १९१४ सालीं बाहेर पडलीं. हिंदी अर्थशास्त्रावरील रानड्यांचें १८९२ चें डेक्कन कॉलेजांतील प्रसिद्ध व्याख्यानही इंग्रजींतच. ज्या भाषांची वंशावळ सांगावयाची त्यांपैकीं एकीनेंही ती सांगूं नये, याचें आम्हांस विद्यार्थिदशेपासून नवल वाटत आलें आहे.

७ जुलै १९१० रोजीं इतिहासाचार्य राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तेव्हां व्याख्यानाचा एक निराळाच प्रकार रूढ झाला. येथें वक्त्याचें वक्तृत्व गौण, त्याच्यापुढील कागद मुख्य. अस्सल कोणतें, नक्कल कोणती, कागद कोणाच्या घरचा, तिथिवार जुळतो कीं नाहीं, हें श्रोत्यांनीं विचारावें आणि वक्त्यानें सांगावें.

या पद्धतीचें फळ काय, तें भोरच्या मावळांतील एकाच उदाहरणानें कळेल. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांतला, असें बखरींच्या आधारें सर्वत्र सांगत. सभांतून हीच मिति घुमे व टाळ्या पडत. पुढें कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची शकावली दाजीसाहेब जेधे यांजकडून लोकमान्य टिळकांच्या हातीं आली, व टिळकांनीं १९१६ सालीं ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत प्रसिद्ध केली. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या नोंदी असलेल्या या यादींत जन्मतिथि फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार अशी, नक्षत्रासह, आहे. गणित करतां तो दिवस १९ फेब्रुवारी १६३० येतो, व त्या दिवशीं शुक्रवारच पडतो. (हा दिनांक जुन्या इंग्रजी पंचांगाचा, नव्याप्रमाणें १ मार्च होतो. उत्सव करणाऱ्यांस हें सांगितलें कीं ते आमच्याकडे संशयानें पाहतात!)

एकट्या शकावलीवर सर्वांचें समाधान झालें नाहीं, आणि तें योग्यच होतें. परंतु तंजावरास सांपडलेलें कवींद्र परमानंदाचें शिवभारत १९२७ सालीं दिवेकरांनीं प्रसिद्ध केलें, त्यांतही तीच तिथि निघाली. जोधपूर येथील जुन्या संग्रहांतील कुंडलीनेंही तिला दुजोरा दिला. कारी, तंजावर व जोधपूर अशा परस्परांस अपरिचित स्थळांचे तीन साक्षी एकच गोष्ट बोलतात, तेव्हां बखरींस गप्प बसावें लागतें.

या पार्श्वभूमीवर पासलीची हकीकत सांगतों. वेल्ह्याहून केळद व मढे घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव. कांहीं वर्षांपूर्वीं तेथील देवळांत एका विद्वान् गृहस्थांचें व्याख्यान होतें. आम्ही श्रोत्यांत होतों. सिंहगड घेतल्यावर १६७० सालीं तानाजीचा देह मढे घाटानें उमरठ्यास नेला, ही परंपरागत कथा त्यांनीं डोळ्यांस पाणी येईल अशी सांगितली. मग मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर यांचें आडनांव याच गांवावरून पडलें, असें बेधडक ठोकून दिलें. पासलीवरून पासलकर होण्यास व्याकरणाची हरकत नाहीं. आम्ही जन्मभर व्याकरणच शिकविलें आहे. परंतु व्याकरण म्हणजे महजर नव्हे.

व्याख्यान संपलें, हारतुरे झाले, वक्ते गाडींत बसून गेले. तेव्हां एक वृद्ध शेतकरी खांद्यावर लाल रुमालांत बांधलेलें दप्तर घेऊन आला व म्हणाला, "ते साहेब गेले का? म्या घरून हे आनस्तवर..." त्याला कोणीतरी सांगितलें होतें कीं पुण्याचा मोठा माणूस येणार, त्यास कागद दाखव. आम्ही रुमाल सोडला. मोडी कागद, वाळवीनें आरपार पोखरलेले. एका लांब कागदाचे तीन बंद तेवढे एकास एक चिकटलेले राहिले होते. शिरोभाग गेल्यामुळें शक नाहीं, धनी नाहीं. वतनाच्या वाटणीचा तंटा, दोन शेतांच्या सीमा, आणि तळाशीं मोर्तब. वृद्धानें विचारलें, "गुरुजी, ह्येच्यात आमचं नाव हाय का?" आम्हीं दोनदां वाचलें. नांव ज्या ओळींत असावयाचें तेथें भोंक होतें.

त्या रात्रीं तेथेंच मुक्काम करून कंदिलाच्या उजेडांत तिन्ही बंदांची बाळबोध नक्कल आम्हीं उतरून घेतली, एक प्रत त्यास दिली व एक आमच्यापाशीं ठेविली. विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाचीं व्याख्यानें गांवोगांवीं होतात; वक्त्यांस आमची एवढीच सूचना कीं परतीची गाडी दोन तास उशिरा सांगावी, व जातांना कोरे कागद आणि मोडी वाचणारा एक मनुष्य बरोबर न्यावा. पासलीच्या त्या दप्तराचे आणखी बंद घरांतील कणगीमागें आहेत, असें वृद्ध म्हणाला होता. पावसाळ्यानंतर आम्ही गेलों तेव्हां कणगी होती.