मास्तरचा पगार पोरांच्या हातात: वर्धा, 1937

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा जे इअरफोन घरी विसरले, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित आवृत्ती.

आजचा विषय तुमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी दहावीच्या निकालाच्या आसपास येतोच येतो. कोणीतरी काका लिहितात, "एवढा पगार घेतात, तरी पोट्ट्यांना धड वाचता येत नाही. निकाल पाहून पगार द्या, मग पाहा कसे सुतासारखे सरळ होतात." खाली पंधरा अंगठे.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. माझी पगारवाढ दरवर्षी रेटिंगवर ठरते. त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं की हे बरोबरच वाटतं. आम्हाला लागू, तर मास्तरांना का नाही? पण हा प्रयोग आधीच होऊन गेलाय, एकदा नाही, अनेकदा. आणि त्यातला सगळ्यात विचित्र प्रकार आपल्या वर्ध्यात ठरला होता. तिथे जायच्या आधी थोडं मागे जाऊ.

ज्या 1862 साली नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा तयार झाला, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो या मंत्र्याने शाळांच्या अनुदानाचे नवे नियम आणले. हिशेब साधा होता. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाची वाचन, लेखन, गणित अशी परीक्षा घेणार. मूल ज्या विषयात नापास, त्या विषयाचे 2 शिलिंग 8 पेन्स कापले. शाळेचं अनुदान कापलं की झळ शेवटी मास्तरच्या खिशालाच बसणार.

मग व्हायचं तेच झालं. शाळा तीन विषयांपुरती उरली. बाकी इतिहास, भूगोल, गोष्टी हे सगळं मागे पडलं, कारण त्याचे पैसे मिळत नव्हते. मुलं वाचनाचं पुस्तक पाठ करायची. पुस्तक उलटं धरूनही घडाघडा "वाचणाऱ्या" मुलांचे किस्से त्या काळातले म्हणून आजही सांगतात. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होता. तो या पद्धतीवर वर्षानुवर्षं टीका करत राहिला. तरी ती पूर्ण जायला 1890चं दशक उजाडलं.

हीच पद्धत 1860च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या खाजगी शाळांच्या अनुदानाला लागू झाली. आणि इथे आपल्या ओळखीचे एक नाव येतं: महात्मा जोतीराव फुले.

1882 साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी मास्तरांच्या पगाराबद्दल जे म्हटलंय, ते मला आजच्या बऱ्याच चर्चेपेक्षा जास्त स्वच्छ वाटतं. ते दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक: शिकलेल्या, प्रशिक्षित मास्तराला किमान 12 रुपये पगार हवाच, मोठ्या गावात 15 ते 20. ज्या खेड्यातल्या मास्तरची जास्त मुलं पास होतील, त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्या, म्हणजे उत्साह येईल. दोन: निकालावर अनुदान देण्याची पद्धत मात्र गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला अजिबात उपयोगाची नाही. कारण या लोकांत अजून शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही. त्यांच्यात स्वतःच्या जिवावर शाळा काढून कुठल्या मास्तरचं पोट भरणार?

नीट बघा, फुले बक्षिसाच्या विरोधात नाहीत. पोट निकालावर टांगायच्या विरोधात आहेत. निकालावर पैसे दिले तर मास्तर तिथेच जाणार जिथे निकाल आधीच चांगला लागतो. शूद्रातिशूद्रांच्या वस्तीत कोण जाईल, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

आता वर्धा. सन 1937. प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती. गांधीजींना दारूबंदी हवी होती. पण सरकारी शाळांचा खर्च बऱ्याच अंशी दारूवरच्या करातून निघायचा. म्हणजे दारू बंद तर शाळा बंद? गांधीजींनी उत्तर काढलं की शाळेनेच आपला खर्च काढावा. मुलं सात वर्षं एखादा हातउद्योग शिकतील, सूत काततील, विणतील, सुतारकाम किंवा शेती करतील, सरकार तो माल विकत घेईल आणि त्यातून मास्तरचा पगार निघेल.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले. चार ठराव झाले. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, उत्पादक हातकामाभोवती शिक्षण. हे तीन आपण पुस्तकात वाचतो. चौथ्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. या शिक्षणातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघू लागेल, अशी परिषदेची अपेक्षा आहे, असा तो ठराव होता.

लोच्या योजनेत पोराच्या मार्कांवर मास्तरचा पगार होता. वर्ध्याच्या ठरावात पोराच्या सुतावर. दोन्हींमागचा विचार पूर्ण वेगळा. गांधीजींना मुलाला उद्योगातून शहाणं करायचं होतं, लोला सरकारी खर्चाचा हिशेब हवा होता. पण तार एकच: मूल जेवढं "काढेल" तेवढं मास्तरला मिळेल.

आणि आक्षेप कोणी घेतला? बाहेरच्या विरोधकांनी नंतर घेतलेच, पण पहिले आक्षेप परिषदेतच आले. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा म्हणाले की मुलांनी केलेला माल बाजारात आला तर तो गावच्या कारागिराच्याच पोटावर पाय देईल. जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांनी तर मूळ दुखण्यावरच बोट ठेवलं. स्वावलंबनावर फार भर दिला तर मास्तर गुलामांवरचे मुकादम बनतील आणि गरिबाच्या पोरांकडून राबवून घेतील, असं त्यांनी बजावलं. तसं झालं तर टकळी पुस्तकापेक्षा वाईट ठरेल.

गंमत अशी की योजनेचा तपशील ठरवायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच झाकिर हुसेन. समितीत विनोबा, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा होते, आक्षेप घेणारे के. टी. शहाही होते. समितीने साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटं हातउद्योगाला दिली. शिक्षकाला महिना 25 रुपये, आणि 20च्या खाली कधीच नाही, हा गांधीजींचा आकडा धरला. म्हणजे पगाराला तळ ठेवला. आणि अहवालात स्पष्ट लिहिलं की पैशाची बाजू वरचढ झाली तर मास्तर मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्यातच गुंततील, शिकवणं राहून जाईल. पुढे हेही म्हटलं की योजनेतून एक पैसा निघाला नाही तरी शिक्षण म्हणून ती योग्यच आहे.

ही चौथ्या ठरावाची शांतपणे काढलेली हवा होती, असं मी समजतो. 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच प्रांतांत योजना मंदावली. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शाळा निघाल्या, पण मुलांच्या सुतातून मास्तरचा पगार काढायचं राज्यांनी मनावर घेतलं नाही. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती, स्वयंपाक, सूतकताई करतात, पण शिकण्यासाठी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. मग 23 ऑक्टोबर 2017 आठवा. वर्धा परिषदेच्या बरोबर ऐंशी वर्षांनी महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणी शाळेच्या श्रेणीला जोडली. माध्यमिक शिक्षकांसाठी नववी-दहावीचा निकाल 80 टक्क्यांच्या वर हवा, अशी अट टाकली. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या, पुढे या अटी मागे घ्याव्या लागल्या.

पण दुसरी बाजू नाही सांगितली तर मी अर्धंच सांगितलं. 2005 पासून आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी शेकडो सरकारी ग्रामीण शाळांत बोनसचा प्रयोग केला. दोन वर्षांनी बोनसवाल्या शाळांतली मुलं गणित आणि भाषेत पुढे होती. ज्या विषयांना बोनस नव्हता, त्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही पुढे होती. म्हणजे पैशाने काहीच होत नाही, हे खोटं.

फक्त त्या प्रयोगाची रचना बघा. मूळ पगाराला हात लावलेला नव्हता. बोनस सरासरी पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास. आणि मोजलं काय? मुलं कुठे पोचली हे नाही, होती तिथून किती पुढे आली हे. म्हणजे कच्च्या मुलांच्या शाळेत शिकवणारा मास्तर सुरुवातीलाच हरलेला नव्हता. फुले 1882 मध्ये जवळपास हेच मागत होते: पगार पक्का, वर शाबासकी.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. महिन्याला किती बग बंद केले यावर रेटिंग ठरलं, की टीम सोपे बग आधी उचलते. अवघड बग लोळत पडतो. शाळेत तो अवघड बग म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसांत महिनाभर गायब होणारी पोरगी, किंवा घरातलं पहिलंच शाळेत आलेलं पोट्टं. नववीत निकाल बिघडवेल अशा मुलाला "17 नंबर फॉर्म भर ना बाबू, बाहेरून बस" असं सांगणं सगळ्यात सोपं. 80 टक्क्यांची अट त्या मुलाला शिकवत नाही, शाळेच्या रजिस्टरमधून काढते.

म्हणून माझं मत सरळ आहे. मास्तर वर्गात येतो का, शिकवतो का, हे तपासा, कडक तपासा. चांगलं काम करणाऱ्याला वर काही द्या, तेही मूल किती पुढे सरकलं ते बघून. पण घर चालवणारा पगार पोराच्या मार्कांवर टांगू नका. ज्या दिवशी मास्तर वर्गातल्या कच्च्या मुलाकडे पाहून मनात "हा मला किती रुपयांना पडेल" असा हिशेब करेल, त्या दिवशी झाकिर हुसेन यांचा मुकादम वर्गात आला म्हणून समजा. हातात टकळी असो की टॅब.

ऐकणाऱ्यांत कोणी शिक्षक असाल तर तुमचा अनुभव नक्की पाठवा, विशेषतः 2017 च्या त्या अटीचा. आणि ग्रुपवर काकांचा मेसेज पुन्हा आला की ही लिंक टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.