खास बातमी

खास बातमी म्हणजे एकाच वृत्तपत्राने, नियतकालिकाने किंवा वृत्तवाहिनीने इतरांच्या आधी मिळवून प्रसिद्ध केलेली महत्त्वाची बातमी. वृत्तसृष्टीत तिला ‘एक्स्क्लुझिव्ह’ किंवा ‘स्कूप’ असेही म्हणतात. पत्रकार परिषद किंवा प्रसिद्धिपत्रक यांतील माहिती सर्व प्रतिनिधींना एकाच वेळी मिळते. खास बातमीसाठी मात्र वार्ताहराला स्वतः शोध घ्यावा लागतो.

शोधाचे मार्ग

मंत्रालय, न्यायालय, पोलीस किंवा महापालिका असे एखादे क्षेत्र (‘बीट’) दीर्घकाळ सांभाळणाऱ्या वार्ताहराचे तेथील अधिकारी व कर्मचारी यांच्याशी विश्वासाचे संबंध निर्माण होतात. त्यांच्याकडून मिळालेली माहिती ही बहुधा केवळ सुरुवात असते. तिला निविदा, लेखापरीक्षण अहवाल, न्यायालयीन कागदपत्रे यांची जोड द्यावी लागते. भारतात यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचाही उपयोग केला जातो.

उदाहरणे

ऑगस्ट १९३९ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’च्या क्लेअर हॉलिंगवर्थ यांनी पोलंडमधील कातोवित्से येथून ब्रिटिश वाणिज्यदूताच्या मोटारीने जर्मन सीमा ओलांडली. रस्त्यालगतचा कापडी आडोसा वाऱ्याने उडाला, तेव्हा त्यामागे उभे केलेले रणगाडे त्यांना दिसले. ही बातमी २९ ऑगस्ट रोजी प्रसिद्ध झाली आणि १ सप्टेंबर रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले.

‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांनी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या न्यासाला मिळालेल्या देणग्यांचा सिमेंटच्या वाटपाशी संबंध असल्याचा आरोप कागदपत्रांच्या आधारे केला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यानंतर अंतुले यांनी राजीनामा दिला.

पडताळणी

बातमी फुटू नये म्हणून पाळली जाणारी गुप्तता पडताळणीच्या आड येऊ शकते. एप्रिल १९८३ मध्ये ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या मिळाल्याचे जाहीर केले. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या खऱ्या ठरवल्या होत्या. परंतु तुलनेसाठी त्यांना दिलेल्या नमुन्यांतही त्याच बनावटकाराने, म्हणजे कोनराड कुयाऊ याने, लिहिलेली कागदपत्रे होती. मे महिन्यात जर्मन संघीय अभिलेखागाराच्या तपासणीत रोजनिश्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरचे साहित्य आढळले आणि त्या बनावट ठरल्या. त्यामुळे माहितीची स्वतंत्र स्रोताकडून खातरजमा करणे आणि संबंधित व्यक्तीची बाजू प्रसिद्धीपूर्वी विचारणे हे खास बातमीचे आवश्यक टप्पे मानले जातात.

स्रोतांचे संरक्षण

माहिती देणाऱ्याची ओळख उघड झाल्यास त्याची नोकरी किंवा जीवही धोक्यात येऊ शकतो. म्हणून नाव गुप्त ठेवण्याचे वचन पाळणे हे पत्रकाराचे कर्तव्य समजले जाते. प्रेस कौन्सिल अधिनियम, १९७८ नुसार परिषदेपुढील कामकाजात पत्रकारावर बातमीचा स्रोत उघड करण्याची सक्ती करता येत नाही. हे संरक्षण परिषदेच्या कामकाजापुरतेच आहे. न्यायालयापुढे ते लागू होत नाही.