हौशी की हेर?

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडची मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगडगोटे रचायचे, त्यांवर चिखलाचा हात फिरवायचा, अळीव पेरायचे, बुरुजावर मावळे आणि वर सिंहासनावर महाराज बसवायचे. एवढा खटाटोप झाला की मुलांना एकच ध्यास असतो, तो म्हणजे कोणीतरी येऊन किल्ला पाहावा. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून आणतात. चोरवाट कुठे, दारूखाना कुठे, सारे आपण होऊन दाखवतात.

खऱ्या किल्ल्याची रीत नेमकी उलटी. तिथे कोणी जरा निरखून पाहू लागला की पहारेकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. हा का पाहतो आहे? कागदावर काय टिपतो आहे? आणि पाहणारा परक्या मुलखातला असला, तर या प्रश्नांची उत्तरे त्याला परक्या भाषेत, परक्या कायद्यापुढे द्यावी लागतात. हौसेने देशाटनाला निघालेली आणि केवळ पाहिल्याबद्दल पकडली गेलेली माणसे इतिहासात बरीच सापडतात. त्यांतल्या काहींच्या हकिकती मी येथे सांगणार आहे. त्या गमतीच्या आहेत. परंतु वाचून झाल्यावर निव्वळ गंमत वाटत नाही.

पहिली हकिकत विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराची. 1748 साली इंग्लंड आणि फ्रान्स यांची लढाई थांबली, समुद्र ओलांडण्याची सोय झाली, आणि होगार्थ मित्रांबरोबर फ्रान्स पाहायला गेला. त्याला तो देश मुळीच आवडला नाही. परतीच्या वाटेवर कॅले बंदरात जहाजाची वाट पाहताना त्याची नजर गावाच्या जुन्या वेशीवर गेली. हे गाव 1347 पासून 1558 पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात होते आणि त्या काळातली इंग्रजी राजचिन्हे वेशीवर अजून ओळखू येत होती. होगार्थने वही काढली आणि वेस रेखाटू लागला. तोच खांद्यावर शिपायाचा हात पडला. तटबंदीचे चित्र काढणारा इंग्रज म्हणजे हेर, दुसरे काय! त्याला गावच्या अंमलदारापुढे उभे केले. झडतीत चित्रकाराच्या उपयोगाच्या चार रेघोट्यांपलीकडे काही सापडले नाही, म्हणून जीव वाचला. मात्र वारा अनुकूल होऊन जहाज सुटेपर्यंत त्याला मुक्कामाच्या घरातच पहाऱ्यात ठेवले.

मायदेशी पोहोचताच होगार्थने त्याच वेशीचे मोठे चित्र रंगवले. इंग्रजांच्या खाणावळीकडे चाललेला गोमांसाचा भला थोरला तुकडा, त्याला बोट लावून पाहणारा लठ्ठ जोगी, उपाशी फाटके शिपाई. फ्रेंचांची त्याने मनसोक्त टर उडवली आहे. डाव्या बाजूला मागे वही घेऊन बसलेला होगार्थ स्वतः दिसतो आणि त्याच्या खांद्यावर एक हात आहे. ते चित्र आज लंडनच्या टेट चित्रालयात आहे. पावणेतीनशे वर्षे झाली, तो हात काही खांद्यावरून निघालेला नाही.

दुसरी हकिकत गटे या जर्मन महाकवीची. आपल्या कालिदासाचे ‘शाकुंतल’ वाचून हर्षभरित झालेला, म्हणून मराठी वाचकाला त्याचे नाव परके नाही. 1786 च्या सप्टेंबरात हा सदतीस वर्षांचा कवी वायमारच्या दरबारातले कारभारीपण मागे टाकून, खोटे नाव धारण करून, कोणाला न सांगता इटलीकडे निघाला. गार्डा सरोवरात त्याच्या नावेला उलटा वारा लागला आणि त्याला माल्चेसिने या खेड्यात उतरावे लागले. गावात एक पडकी गढी होती. तिला ना दार, ना पहारा. दुसऱ्या दिवशी सकाळी गटे आत जाऊन बसला आणि बुरुजाचे चित्र काढू लागला.

हळूहळू माणसे जमली. एकाने पुढे होऊन कागद हिसकला आणि फाडून टाकला. मग गावचा अधिकारी आपल्या कारकुनाला घेऊन आला. हा मुलूख व्हेनिसच्या राज्याचा, आणि ऑस्ट्रियाच्या बादशहाची हद्द तिथून जवळच. तेव्हा हा परका मनुष्य बादशहाचाच हेर असणार, असे लोकांचे ठाम मत झाले. गटे म्हणाला, अहो, हा किल्ला नव्हे, हे तर पडीक अवशेष! त्यावर प्रश्न आला, पडीक आहेत तर त्यांत पाहण्याजोगे काय आहे? मग कवीने आपले वक्तृत्व पणाला लावले. जुन्या वास्तूंची शोभा, भिंतीवर चढलेला वेल, बुरुजावर पडलेले सकाळचे ऊन, सारे त्याने हात करून करून वर्णिले; आणि बुरुजाकडे पाठ करून उभ्या असलेल्या त्या सगळ्या गावकऱ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. जन्मभर ज्याच्या सावलीत राहिले, ते त्यांनी त्या दिवशी बहुधा प्रथमच पाहिले.

तरीही संशय फिटला नाही, आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एवढ्या मोठ्या कवीची वाणीसुद्धा स्वतःची सुटका करू शकली नाही. ती केली ग्रेगोरिओ नावाच्या एका गावकऱ्याने. गटेने आपण फ्रांकफुर्टचे नागरिक असल्याचे सांगितले होते, आणि हा ग्रेगोरिओ अनेक वर्षे त्याच शहरी नोकरीला होता. त्याला बोलावून आणले. तिथल्या इटालियन घराण्यांची चौकशी झाली. कोणाचे लग्न झाले, कोणाला नातवंडे झाली, अशा गोष्टी निघाल्या. ग्रेगोरिओची खात्री पटली. तो अधिकाऱ्याला म्हणाला की हा गृहस्थ भला आहे, शिकलेला आहे, ज्ञान मिळवायला हिंडतो आहे; याला सोडा. आणि गटे सुटला. आज त्याच गढीत गटेच्या नावाचे दालन आहे आणि लोक तिकीट काढून ते पाहायला जातात.

आता कोणी म्हणेल, ते शिपाई आणि ते गावकरी अडाणी. साध्या चित्रकाराला हेर समजले. मला तसे वाटत नाही. पहारेकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे.

बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांचे नाव शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यांनी 1915 साली आपल्या हेरगिरीच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत ते मोठ्या खुशीत सांगतात की डाल्मेशियाच्या डोंगरांत आपण फुलपाखरे पकडणाऱ्या हौशी माणसाचे सोंग घेतले होते. हातात जाळे, बगलेत रंगपेटी. वहीत फुलपाखराचे चित्र. पण पंखांवरच्या नक्षीत किल्ल्याचा नकाशा आणि ठिपक्यांत तोफांच्या जागा! वाटेत कोणी भेटले की वही पुढे करून त्यालाच विचारायचे, असले फुलपाखरू इकडे पाहिलेत का?

1910 साली ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन इंग्रज अधिकारी सहलीला आलेल्या पाहुण्यांसारखे जर्मनीच्या किनाऱ्यावर हिंडले. बोर्कुम बेटाजवळ ते पकडले गेले आणि त्यांच्याजवळची टिपणे खरोखरच तटबंदीची निघाली. लायप्झिगच्या न्यायालयाने दोघांना चार-चार वर्षे किल्ल्यात ठेवण्याची शिक्षा दिली. 1913 साली कैसरने माफी देऊन त्यांना सोडले. या खटल्यात एका कादंबरीचे नाव निघाले. अर्स्किन चिल्डर्सच्या 1903 सालच्या ‘द रिडल ऑफ द सँड्स’ या कादंबरीत दोन इंग्रज लहानशा होडीतून सहलीसाठी म्हणून याच किनाऱ्यावर येतात. ती वाचली आहे काय, असे ब्रँडनला विचारले, तेव्हा त्याने तीनदा वाचल्याचे सांगितले. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. वाचकांनी आपले पुस्तक तीनदा वाचावे असे कोणाला वाटत नाही? पण ती कबुली न्यायासनापुढे झालेली पाहून जरा बिचकायला होते.

आपल्याकडेही बहिर्जी नाईकांच्या गोष्टी आपण मुलांना किती रंगवून सांगतो! कधी फकीर, कधी गोसावी, कधी बहुरूपी होऊन शत्रूच्या गोटात शिरणारा हा वीर आपल्याला प्रिय आहे, आणि असावाच. मात्र त्या गोष्टी सांगताना दुसरा एक मनुष्य आपल्या ध्यानी येत नाही. हेर गोसाव्याच्या वेषात फिरू लागले, म्हणजे पुढच्या नाक्यावर खऱ्या गोसाव्याचे काय होत असेल? सोंग घेणारा निसटून जातो आणि त्याची किंमत खऱ्याला मोजावी लागते. बेडन-पॉवेल सुखरूप घरी परतले. त्यांच्यामागून जाळे घेऊन डोंगरात गेलेल्या खऱ्याखुऱ्या फुलपाखरूवेड्यांकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हे सारे जुन्या काळचे, असे म्हणून सोडून देता येत नाही. ग्रीस देशातल्या कालामाता या गावी लष्करी विमानतळ आहे. 8 नोव्हेंबर 2001 रोजी तो लोकांना पाहण्यासाठी खुला ठेवला होता. त्या सुमारास बारा ब्रिटिश आणि दोन डच माणसे विमाने पाहण्यासाठी ग्रीसची सहल करीत होती. यांचा छंद असा की विमान दिसले की त्याचा प्रकार आणि त्यावरचा क्रमांक वहीत टिपून घ्यायचा. ग्रीक पोलिसांनी त्यांना पकडले. लष्करी विमानतळ, परके लोक आणि क्रमांकांनी भरलेल्या वह्या. आरोप ठेवला हेरगिरीचा.

इंग्लंडात हा छंद का रुजला, त्याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमाने येऊ लागली, तेव्हा हजारो साधे नागरिक दुर्बिणी घेऊन टेकड्यांवर बसत. विमान ओळखत, मोजत आणि दूरध्वनीवरून कळवत. त्या निरीक्षक दलाची कामगिरी एवढी मोलाची ठरली की 1941 साली राजाने त्याला ‘रॉयल’ ही पदवी दिली. 1942 साली आगगाडीच्या इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तके निघाली आणि पोरे फलाटांवर पेन्सिली घेऊन उभी राहू लागली. एका देशात जे देशकार्य होते आणि पुढे पोरांचा खेळ झाले, तेच दुसऱ्या देशात तुरुंगाची वाट ठरले. ग्रीसलाही उगीच भीती नव्हती. शेजारच्या तुर्कस्तानाशी त्याचे जुने वैर, आणि अमेरिकेवर विमानांनी घाला पडून दोनच महिने झालेले.

त्या चौदा जणांना पाच आठवड्यांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. मग जामीन मिळाला. एप्रिल 2002 मध्ये आठ जणांना तीन वर्षांची आणि सहा जणांना मदत केल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. अपील होईपर्यंत ते मोकळे राहिले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अपिलाच्या न्यायालयाने हेरगिरीचा ठपका पुसून काढला. पुसायला एक वर्ष लागले. त्यात पैसा गेला, झोप गेली आणि घरच्यांच्या जिवाला घोर लागला, तो निराळाच.

त्यांची खरी अडचण मला समजते. शाळेच्या सहलीत एखादा मुलगा खिडकीशी बसून समोरून येणाऱ्या मालमोटारींचे क्रमांक उतरवीत असतो. ‘कशाला रे लिहितोस?’ म्हणून विचारले, तर तो गोंधळतो. ‘सहज, मास्तर,’ एवढेच त्याला सांगता येते. छंदाला दुसरे उत्तरच नसते. कोर्टात मात्र ‘सहज’ हे उत्तर चालत नाही. ज्या गावात असा छंद कोणी पाहिलेला नाही, तिथे तर ते खोटेच वाटते.

आणि आपण ग्रीकांना हसू नये. किल्ल्याचे किंवा लष्करी जागेचे रेखाटन शत्रूच्या उपयोगी पडेल म्हणून गुन्हा ठरवणारा सरकारी गुपितांचा कायदा आपल्याकडे 1923 सालापासून आहे. 2010 साली दिल्लीच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेले दोन ब्रिटिश हौशी गृहस्थ खोलीतून विमाने टिपताना आणि त्यांची संभाषणे ऐकताना पकडले गेले. त्यांना सुमारे दोन महिने इथे अडकून पडावे लागले. अखेर किरकोळ गुन्हा कबूल करून, दंड भरून ते घरी गेले. मुंबईवरचा 2008 सालचा हल्ला तेव्हा ताजा होता. हॉटेलच्या माणसांनी पोलिसांना वर्दी दिली, यात त्यांचे काय चुकले? आपणही तेच केले असते.

मग दोष कोणाचा? पहारेकरी पहारा करतो, हौशी मनुष्य हौस करतो. दोघेही आपापल्या जागी सरळ असतात, आणि तरी एक निरपराध मनुष्य कोठडीत बसतो. परमुलखी जाणाऱ्याने तिथला कायदा आधी विचारून घ्यावा, हे खरेच. यंदा ज्यांच्या घरचे कोणी परदेशी सहलीला निघाले असेल, त्यांनी फराळाच्या डब्याबरोबर हा सल्लाही जरूर बांधून द्यावा. पण कायदा माहीत असला, तरी मनुष्याचे मन कायद्याला दिसत नाही. त्याला दिसते ती वही. वहीतले चित्र चित्रकाराचे की हेराचे, हे कागदावरून कळत नाही. ते कळायला दोन्हीकडची रीत जाणणारा कोणीतरी लागतो.

गटेला असा मनुष्य एका सकाळीत भेटला. कालामाताच्या चौदा जणांना त्याच समजुतीसाठी एक वर्ष थांबावे लागले. आपल्याकडून नोकरीधंद्याला दूरदेशी गेलेली आणि परतून गावात निवांत बसलेली माणसे गावोगाव आहेत. त्यांच्या त्याच त्या तिकडच्या गोष्टींना आपण कंटाळतो. पण उद्या वेशीवर कोणी परका वही घेऊन उभा राहिला आणि गाव भोवती जमले, तर बोलावणे त्यांनाच धाडावे लागेल.